चरकाचा तिसरा पाद

उज्जैनशी आम्हां गोवेकरांचे नाते तसे जुने आहे. महाकालेश्वराचे आज जे मंदिर आपण पाहतो ते १८ व्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले. हे रामचंद्रबाबा शेणवी. पुढे महादजींच्या पदरी नावारूपाला आलेले जिवबादादा केरकर हेही आपल्याच बाजूचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास आपला मुक्काम ग्वाल्हेरला हलवला, तोपर्यंत उज्जैन हेच शिंद्यांचे ठाणे होते. त्यामुळे त्या गावात जुन्या मराठी आडनावांच्या पाट्या अजूनही दिसतात आणि मराठी माणूस तिथे अगदी परका ठरत नाही.

२०१९ च्या हिवाळ्यात मी गेलो होतो तो या शेणव्यांच्या खुणा पाहायला. महाकाल लोकचा मोठा परिसर तेव्हा व्हायचा होता (तो ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झाला), गर्दी बेताची होती. पण परत आलो तो वेगळाच विषय डोक्यात घेऊन. सुखटणकरांवर पुन्हा कधीतरी लिहीन. आज लिहायचे आहे ते परिचारिकांवर, आणि त्यांच्या शिक्षणावर.

झाले असे की दुसऱ्या दिवशी सोबतच्या स्नेह्यांना ताप भरला. हॉटेलवाल्याने जवळचे एक खासगी इस्पितळ सांगितले. तिथे सलाइन लावायला आलेली सिस्टर आमचे बोलणे ऐकून थबकली आणि म्हणाली, "मराठी का तुम्ही? कुठले?" गोव्याचे म्हटल्यावर तिला फारच आनंद झाला. तिचे घराणे चार पिढ्यांपासून माळव्यात. मराठी स्वच्छ, फक्त मधूनच एखादा हिंदी शब्द यायचा. वय साठीच्या जवळ. बाटली संपेपर्यंत दोन तास होते. तिचे काम चालू आणि मधून मधून आमच्या गप्पा.

मी सहज विचारले, "ताई, तुमचं शिक्षण कधीचं?"

"अठ्ठ्याऐंशीला पास झाले, दादा. इंदोरला."

"आणि नंतर?"

"नंतर काय? नंतर ड्यूटी!" असे म्हणून ती हसली. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "शिबिरं होतात न. पण रजा काढून जायचं, आणि तिथे माइकवर साहेब बोलतात. सर्टिफिकेट मिळतं. घरी पिशवीभर आहेत. पण हातात काही येत नाही. खरं शिकले ते नव्या मुलींकडून. त्या कॉलेजातून नवीन काही ऐकून येतात, मी हळूच विचारून घेते. विचारायची लाज वाटते, पण पेशंटचा जीव जाण्यापेक्षा बरी."

हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

संध्याकाळी रिक्षातून परतताना सरकारी माता-बाल रुग्णालयाची मोठी इमारत लागली. तिचे नाव चरक. आयुर्वेदाच्या आचार्याचे नाव इस्पितळाला देण्यात नवल काहीच नाही. पण त्या दिवशी मला चरकसंहितेतला एक अध्याय आठवला. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. या चारांपैकी एक जरी लंगडा असला तरी उपचार उभा राहत नाही. प्रत्येकाचे चार-चार गुणही दिले आहेत. परिचारकाचे गुण असे: उपचाराचे ज्ञान, हाताचे कौशल्य, रोग्याविषयी माया आणि शुचिता. आपण परिचारिकेची स्तुती करतो तेव्हा नेहमी मायेपासून सुरुवात करतो. 'सेवाभावी', 'वात्सल्यमूर्ती' वगैरे. चरकाच्या यादीत माया तिसरी आहे. पहिले आहे ज्ञान.

आता याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्याने दुसऱ्या वैद्याशी चर्चा करावी असे सांगितले आहे. तिला म्हणतात तद्विद्यसंभाषा, म्हणजे तीच विद्या जाणणाऱ्यांचा आपसांतला संवाद. त्याने ज्ञान वाढते, शंका फिटतात, एकदा ऐकलेले पक्के होते. आजच्या भाषेत हे वैद्यांचे 'निरंतर शिक्षण'च झाले. डॉक्टरांच्या आजच्या परिषदा, कार्यशाळा, त्या निमित्ताने होणारे गोव्यातले मुक्काम (आपल्या हॉटेलांना हे चांगले ठाऊक आहे!), हे सारे त्या संभाषेचेच वंशज. पण ती संभाषा आहे वैद्याची. तिसऱ्या पादाकडे ज्ञान असावे एवढी अपेक्षा ठेवली; ते ताजे कसे राहायचे याची व्यवस्था मात्र पहिल्या पादापुरती झाली. दोन हजार वर्षांनीही आपण साधारण तिथेच आहोत, असे मला वाटते.

हे असे का झाले, याचे उत्तर आपल्याकडे हा पेशा कसा आला त्यात सापडते. महाराष्ट्रात घरंदाज मुलींनी परिचारिका होणे ही गोष्ट समाजाच्या गळी उतरवली ती पुण्याच्या सेवासदनाने. रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्याने १९०९ मध्ये ही संस्था उभी केली आणि ससून रुग्णालयात मुलींच्या, त्यांतही विधवांच्या, प्रशिक्षणाची सोय लावली. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, जातीचा विचार न करता मलमूत्र काढायचे.. त्या काळात याला केवढे धैर्य लागले असेल याची आज कल्पनाही करवत नाही. रमाबाईंचे उपकार मोठेच. पण तेव्हा समाजाच्या मनात या शिक्षणाचा अर्थ एवढाच राहिला की एका निराधार मुलीला पोटापाण्याचे साधन मिळाले. साधन एकदा हातात दिले की काम झाले. डॉक्टरकीकडे विद्या म्हणून पाहिले गेले, परिचर्येकडे आधार म्हणून. विद्या वाढवायची असते. आधार एकदाच द्यायचा असतो.

कायद्यानेही तीच रीत उचलली. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा ३१ डिसेंबर १९४७ चा, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या अगदी पहिल्या काही कायद्यांपैकी. त्याच्या आदल्या वर्षी भोर समितीने जो अहवाल दिला त्यात ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका असल्याची नोंद होती, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. असली टंचाई असताना नव्या परिचारिका घडवणे हीच निकड होती, जुन्यांना पुन्हा शिकवायला वेळ कुणाला होता? म्हणून शिकायचे एकदा, नाव नोंदवायचे आणि निवृत्तीपर्यंत काम करायचे, असा प्रघात पडला. कुणाचा दोष नाही. पण टंचाईतली ही तडजोड पुढे पिढ्यान्‌पिढ्या नियम म्हणून चालत राहिली.

दरम्यान ज्ञान काही थांबून राहिले नाही. आमच्या उज्जैनच्या ताई १९८८ मध्ये पास झाल्या, तेव्हापासूनचाच हिशेब मांडू. गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येतात, त्या आजारात कोणते औषध द्यावे याची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर पुष्कळ ठिकाणी वापरात असलेल्या डायझेपामपेक्षा मॅग्नेशियम सल्फेट कितीतरी बरे, हे त्यात सिद्ध झाले. बाळ जन्मले की लगेच नाळ कापायची, असे पूर्वी शिकवीत. आता निदान एक मिनिट थांबावे असे सांगतात. न रडणाऱ्या बाळाला आधी भरपूर प्राणवायू देत. २०१० नंतर पूर्ण दिवसांच्या बाळासाठी सुरुवात साध्या हवेने करावी असे ठरले. हात केव्हा धुवायचे याचे 'पाच क्षण' जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये पक्के केले. जैविक कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले, २०१६ मध्ये बदलले. म्हणजे १९८८ मध्ये पहिल्या वर्गात आलेली मुलगी, काहीही न विसरता, केवळ जे शिकली ते प्रामाणिकपणे करीत राहिली, तरी आज काही बाबतींत चुकीचे करीत असेल. कामचुकारपणा नसताना घडणारी ही चूक मला सर्वांत भयंकर वाटते.

याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागले नाही. उज्जैनच्या बाहेर आगर रस्त्यावर सुरासा येथे रुक्मणीबेन दीपचंद गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आहे, २००१ पासूनचे. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेबरोबर तिथल्या मंडळींनी बरीच वर्षे संशोधन केले आहे. एका संशोधनाचा विषय होता प्रसूती.

आधी त्याची पार्श्वभूमी सांगतो. २००५ मध्ये केंद्र सरकारने जननी सुरक्षा योजना आणली. मध्य प्रदेशसारख्या राज्यांत खेड्यातल्या बाईने इस्पितळात बाळंतपण केले की तिला १४०० रुपये. परिणाम थक्क करणारा झाला. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशात इस्पितळातली बाळंतपणे जेमतेम २६ टक्के होती. २०१५-१६ मध्ये ती ८१ टक्क्यांच्या घरात पोचली. लाखो बायका घरची सुईण सोडून इस्पितळाच्या दारात आल्या. आणि दारात त्यांना भेटले कोण? बहुतेक ठिकाणी डॉक्टर नव्हे, सिस्टर किंवा एएनएम.

उज्जैनच्या संशोधकांनी या परिचारिकांची परीक्षाच घेतली म्हणा ना. कागदावर एका रुग्णाची हकीकत द्यायची: बाळंतिणीला रक्तस्राव होतो आहे किंवा गरोदर बाईला झटके येत आहेत, तर तुम्ही आधी काय पाहाल, काय ठरवाल, काय कराल? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २० पैकी सरासरी गुण मिळाले ५.४. वीसपैकी साडेपाचसुद्धा नाहीत! रक्तस्राव आणि झटके हीच तर आपल्याकडे बाळंतिणी दगावण्याची मोठी कारणे. आपण बाईला पैसे देऊन इस्पितळात आणले, पण तिथे तिची वाट पाहणाऱ्या सिस्टरला पुन्हा वर्गात नेले नाही, किंवा नेले ते फार थोडे. सरकारने कुशल प्रसूती सेविकेचे २१ दिवसांचे प्रशिक्षण आखले होते, नाही असे नाही. पण एकदा झालेले प्रशिक्षण महिन्यातून एखादी गुंतागुंत पाहणाऱ्या हाताला किती दिवस पुरणार?

दुसरा अभ्यास हात धुण्याविषयी, २०१२ मधला. लेखकांच्या नावांत अशोक ताम्हणकर हे मराठी नाव पाहून मला बरे वाटले. ग्रामीण भागातल्या शिकवणाऱ्या रुग्णालयात काम करणाऱ्यांशी बोलून त्यांनी अडचणी समजून घेतल्या. हात धुवावेत हे सर्वांना ठाऊक होते. पण साधने अपुरी, रुग्णांची गर्दी, कामाचा रेटा आणि नियमित प्रशिक्षणाचा अभाव. व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ मध्येच दाखवून दिले होते की हात निर्जंतुक केले की बाळंतिणी वाचतात. पावणेदोनशे वर्षांनीही ही गोष्ट 'माहीत' असून होत नाही, याचा अर्थ निरंतर शिक्षण म्हणजे केवळ माहिती देणे नव्हे. हाताला सवय लावणे, सवयीसाठी साधन देणे आणि कुणीतरी शेजारी उभे राहून ते पाहणे, हे सारे मिळून ते शिक्षण होते. माइकवरच्या साहेबांना हे जमत नाही ते यामुळेच.

आता नियम बदलले आहेत हे खरे. परिचर्या परिषदेने दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठी १५० तासांचे निरंतर शिक्षण असा दंडक घातला. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व सूतिका आयोगाचा कायदा करून १९४७ चा कायदा मोडीत काढण्याची तरतूद केली. ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या गोव्याच्या मुलींना तर याची सवयच आहे. तिथे २०१६ पासून तीन वर्षांत ३५ तासांचे शिक्षण दाखवावे लागते, आणि त्यातले २० तास इतरांच्या सोबतीने शिकलेले हवेत, एकट्याने वाचलेले चालत नाहीत. ही तद्विद्यसंभाषाच नव्हे का?

पण तासांचा नियम म्हणजे शिक्षण नव्हे. मध्य प्रदेशातच याचा कडू अनुभव ताजा आहे. तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. इमारत नाही, इस्पितळ नाही, तरी मान्यता आहे, अशा तक्रारी होत्या. २०२३ मध्ये न्यायालयाने परीक्षांना स्थगिती दिली. सीबीआयने तपासलेल्या ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य ठरवली. मग मे २०२४ मध्ये त्या तपासातल्याच काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि न्यायालयाने त्या १६९ महाविद्यालयांचीही फेरतपासणी करायला लावली. या साऱ्यात प्रामाणिकपणे शिकू पाहणाऱ्या मुलींची वर्षे गेली ती गेलीच. जिथे पहिलेच शिक्षण कागदावर होऊ शकते तिथे १५० तास कागदावर व्हायला कितीसा वेळ? ताईंच्या घरच्या पिशवीत आणखी काही सर्टिफिकिटे पडतील एवढेच.

मग उपाय काय? मी काही या क्षेत्रातला माणूस नव्हे, पण उदाहरणे डोळ्यांपुढे आहेत. आपल्या शेजारी, विजापूर, बागलकोट धरून उत्तर कर्नाटकच्या आठ जिल्ह्यांत 'सुक्षेम' नावाच्या प्रकल्पात अनुभवी परिचारिकांनाच मार्गदर्शक नेमले. त्या आळीपाळीने प्राथमिक आरोग्य केंद्रांत जात आणि तिथल्या सिस्टरबरोबर प्रत्यक्ष काम करीत, चुका दाखवीत, नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवीत. शिकणारीला रजा काढावी लागत नव्हती. शिक्षणच तिच्या ड्यूटीवर येत होते. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की शिकवणारी आणि शिकणारी दोघीही परिचारिका. विचारायची लाज तिथे निम्मी होते.

आपल्या गोव्याला वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगायला आवडते. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ ची, आशियातल्या जुन्यांत जुन्यांपैकी एक. तिचा आज गोमेकॉ झाला. बांबोळीलाच परिचर्या शिक्षणाची संस्थाही आहे. तिथून बाहेर पडलेल्या मुली आखातात आणि युरोपात नाव काढतात. पण त्यांच्याच वर्गातली जी मुलगी सत्तरीच्या किंवा काणकोणच्या आरोग्य केंद्रात पंधरा वर्षे राहिली, ती शेवटचे काही नवे कधी शिकली, हे आपण कधी विचारतो का? परदेशी गेलेली शिकत राहते, कारण न शिकल्यास तिची नोंदणी जाते. घरी राहिलेलीने शिकावे, तेही तिच्या पगाराच्या वेळेत, याची जबाबदारी तिच्या एकटीची नाही. ती नेमणाऱ्यांची आहे. आठवड्यातला एक तास, ड्यूटीतला, वॉर्डातच, आणि तेवढा वेळ तिच्या जागी दुसरी सिस्टर. याला फार मोठा खर्च नाही. पण तो तास रजिस्टरात 'काम' म्हणून लिहिला गेला पाहिजे. जोवर शिकणे हे कामाबाहेरचे, स्वतःच्या वेळातले, हौसेचे मानले जाते तोवर ते होणार नाही.

उज्जैनला २०२८ मध्ये पुढचा सिंहस्थ आहे. क्षिप्रेच्या काठी माणसांचा महासागर जमेल. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळी पावसाने मंडप कोसळले आणि माणसे दगावली, तेव्हा धावून आलेल्यांत परिचारिकाही असणारच. या खेपेला रस्ते, पूल, इस्पितळाच्या इमारती यांची तयारी चालली आहे. त्या इमारतींत उभ्या राहणाऱ्या हातांची तयारी किती, हा प्रश्न मात्र कुठल्या फलकावर दिसत नाही.

स्नेह्यांचा ताप उतरला. निघताना ताईंना नमस्कार केला आणि विचारले, "निवृत्त झाल्यावर काय करणार?" तर म्हणाल्या, "मुलींना शिकवीन. जेवढं येतं तेवढं. आणि त्यांच्याकडून शिकेन पण."

चरकाच्या नावाच्या त्या इमारतीवरून दुसऱ्या दिवशी स्टेशनला जाताना पुन्हा गेलो. आचार्यांनी वैद्यांना सांगितलेली गोष्ट या बाई कुणी न सांगता गेली तीस वर्षे करीत होत्या, आणि त्यांच्या कुठल्याच सर्टिफिकिटावर तिची नोंद नव्हती.